दहापैकी किती?

"शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. आत्ता तुमचं दुखणं दहापैकी किती?" फिजिओथेरपीला गेलेल्या बहुतेकांना हा प्रश्न पहिल्या काही मिनिटांतच विचारला जातो. नागपूरच्या महालात, गांधी गेटच्या आतल्या एखाद्या दवाखान्यात सत्तरीची आजी हा प्रश्न ऐकते, गोंधळून सुनेकडे बघते आणि सून म्हणते, "सात लिहा मॅडम." सात लिहिला जातो. पुढचा उपचार, घरी करायचा व्यायाम, आठवड्यानं फरक पडला की नाही याचा निवाडा, सगळं त्या सातावर ठरतं. तो सात नेमका कुणाचा होता, याची नोंद मात्र कुठेच नसते.

या आकड्याला किती मान द्यायचा, यावर फिजिओथेरपिस्टांमध्ये खरा मतभेद आहे. तो मांडण्यासाठी मी दोन माणसं उभी केली आहेत. दोघंही कल्पित आहेत, त्यांची मतं मात्र या पेशात रोज ऐकू येणारी आहेत. आत्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली, आता महालातल्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत पेशंट बघते. भाचा रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात काम करतो. वाचकाला वाटेल, म्हातारी हातावर विश्वास ठेवणारी असेल आणि पोरगा आकड्यांवर. इथे उलटं आहे.

भाचा : आत्या, तुझ्या रजिस्टरात पानोपानी आकडे आहेत. सात, सहा, सहा, आठ. यातून तुला कळतं तरी काय?

आत्या : काहून हसून राहिला? पहिलं हे कळतं की कुणीतरी विचारलं होतं. मी नोकरीला लागले तेव्हा विचारायची पद्धतच नव्हती. गिरणीतला माणूस कंबर धरून यायचा, एक्स-रे साफ निघाला की "नाटक करून राहिला, कामावर पाठवा" असा शेरा पडायचा. बाई आली तर "घरी काही कटकट आहे का" हा पहिला प्रश्न. मी आकडा लिहायला लागले तेव्हा पेशंटचं म्हणणं कागदावर आलं. तोवर कागदावर फक्त आमचं म्हणणं असायचं.

आत्या म्हणते ती गिरणी महालापासून लांब नव्हती. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1877 मध्ये जुम्मा तलावाजवळ सुरू झाली आणि या शहरातल्या कित्येक पिढ्यांच्या कंबरा, खांदे, गुडघे तिथे झिजले. पलीकडे हातमागावर बसणारे कोष्टी आणि हलबा विणकर होते. त्यांच्या कण्याचा हिशेब कुणी मांडला नाही.

आत्या : आणि नाटक ओळखायच्या खुणाही होत्या आमच्याकडे. स्कॉटलंडचे गॉर्डन वॅडेल म्हणून हाडांचे सर्जन. त्यांनी 1980 मध्ये पाठदुखीच्या तपासणीतल्या काही खुणा मांडल्या. डोक्यावर नुसता हलका दाब दिला तरी कंबर दुखते म्हणणं, त्वचेला नुसता हात लागला तरी कळवळणं, अशा. मनाचा भागही बघायला हवा, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण लोकांनी त्या खुणा खोटारडा पकडायला वापरल्या. पुढे खुद्द वॅडेलना सांगावं लागलं की ही ढोंग ओळखायची परीक्षा नाही.

भाचा : विश्वास ठेवू नये असं मी म्हणतच नाही. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेनं 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. त्यासोबतच्या टिपांमध्ये स्पष्ट आहे की माणूस दुखतं म्हणाला तर त्याचा मान ठेवायचा. ते मला मान्यच आहे. माझं भांडण आकड्याशी आहे. विश्वास ठेवायचा म्हणून आपण आकडा घेतो आणि मग माणसाला सोडून आकड्यावरच उपचार करत बसतो. अमेरिकेत काय झालं ते तुला ठाऊक आहे. 1995 नंतर तिथे म्हणायला लागले की नाडी, ताप, श्वास, रक्तदाब, तशीच वेदना ही पाचवी खूण. 2001 पासून रुग्णालयांच्या मान्यतेच्या निकषांत वेदना मोजणं आलं. आकडा खाली आणलाच पाहिजे असं सगळ्यांना वाटू लागलं आणि आकडा खाली आणायला सर्वांत सोपी होती ती अफूच्या कुळातली गोळी. त्या गोळ्यांनी किती घरं बसली! शेवटी 2016 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशननंच ठराव केला की वेदनेला पाचवी खूण म्हणणं थांबवा.

आत्या : आता आपल्याकडचं ऐक. 1985 चा अमली पदार्थांचा कायदा आला आणि कॅन्सरच्या पेशंटलाही मॉर्फिन मिळेनासं झालं. परवान्यांचा गुंता इतका, की बहुतेक रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडून दिलं. 2014 मध्ये कायदा सुधारला. तोवर किती माणसं तळमळत गेली असतील? अमेरिकेनं दुखणं फार ऐकलं असेल बाबा, आपण ते कधी ऐकलंच नाही. त्यांच्या चुकीवरून तू आपला प्रश्न बंद करायला निघाला.

हा मुद्दा आत्याचाच, असं मला स्पष्ट वाटतं. ज्या देशात वेदना विचारण्याचा अतिरेक झाला, तिथली सावधगिरी न विचारण्याचा इतिहास असलेल्या देशात जशीच्या तशी आणता येत नाही. पण भाच्याचं बोलणं पूर्ण झालेलं नव्हतं.

भाचा : आपण फिजिओ लोक गोळ्या देत नाही, खरं. आपली गोळी म्हणजे मशीन. पेशंट म्हणतो, "आज आठ आहे, मशीन लावा." आपण टेन्स, म्हणजे त्वचेवरून सौम्य वीजप्रवाह देणारं मशीन, लावतो, शेक देतो, वीस मिनिटांनी तो म्हणतो, "आता चार." दोघंही खूश. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी 1965 मध्ये मांडलं की मणक्यातल्या मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं आणि स्पर्शाच्या संवेदना ते अर्धवट बंद करू शकतात. टेन्सची कल्पना त्यातूनच निघाली. म्हणजे चार खोटा नाही. पण बडकस चौकापर्यंत जाईस्तोवर परत आठ होतो. मांडीचे स्नायू तसेच कमकुवत राहतात. व्यायाम दिला तर पहिल्या आठवड्यात आकडा वाढू शकतो, म्हणून पेशंट व्यायाम सोडतो आणि त्याला राखायचं म्हणून आपणही सोडतो. हा आकड्याचा दोष नाही तर काय?

आत्या : तो तुझा दोष. एक तर तू आकडा मशीनच्या आधी आणि मशीनच्या नंतर घेतला. पायऱ्या चढायच्या आधी आणि चढल्यानंतर घे ना! बसल्या जागी किती, चालताना किती, खाली बसून उठताना किती, असे तीन वेगळे आकडे मी लिहिते. आणि दर पाच मिनिटांनी विचारत नाही. सारखं विचारलं की माणसाचं लक्ष तिथेच खिळतं.

भाचा : तरी एकाचा सात दुसऱ्याच्या सातासारखा नसतो.

आत्या : कोण म्हणतं असतो? तिच्या सातावर तिचाच पाच ठेवायचा, शेजारणीचा नाही. 2001 मध्ये एक मोठा अभ्यास आला होता. दहाच्या मापावर दोनाएक घरं किंवा साधारण 30 टक्के उतार पडला, तर पेशंटला खरंच बरं वाटतं, असं त्यात निघालं. सातावरून सहा आला तर मी पेढे मागत नाही.

इथून बोलणं आण्यांवर गेलं आणि मला ते फार मोलाचं वाटतं. महालातली म्हातारी माणसं दहाच्या मापात बोलत नाहीत. ती म्हणतात, "बारा आणे फरक आहे जी," किंवा "रुपयातले चारच आणे राहिलं." सोळा आण्यांचा रुपया 1957 मध्ये गेला, ज्यांनी तो वापरला त्यांच्यातले कितीतरी गेले, पण दुखण्याच्या हिशेबात आणा अजून चालतो. भाच्याला ते अडचणीचं वाटतं.

भाचा : बारा आणे फरक हे दुखण्याचं माप नाही, फरकाचं माप आहे. मागे किती होतं ते आठवून सांगायचं, आणि आठवण दगा देते. आज बरं वाटत असेल तर माणूस म्हणतो, फार फरक पडला. आज सकाळी पाय मुरगळला असेल तर म्हणतो, काहीच नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनी 1996 मध्ये दाखवलं की एखाद्या त्रासदायक तपासणीची वेदना आठवताना माणूस मुख्यतः सर्वांत वाईट क्षण आणि शेवटचे क्षण धरतो. ती किती वेळ चालली ते जवळपास विसरतो. मग "गेल्या आठवड्यात सरासरी किती" या प्रश्नाला काय अर्थ?

आत्या : म्हणूनच पहिल्या दिवशी लिहून ठेवायचं. आजी बारा आणे म्हणाली की मी मागचं पान काढते आणि तिच्यासमोर वाचते. "आजी, तेव्हा तुम्ही म्हणाला होता, रात्री दोनदा उठावं लागते. आता?" मग ती स्वतःच दुरुस्त करते. आठवण कच्ची असते हे खरं, पण लिहिलेलं वाचून दाखवलं की ती सावरते.

भाचा : बघ! शेवटी तू रात्रीची झोप विचारली, आकडा नाही. माझं म्हणणं तेच आहे. "किती दुखतं" सोडा, "काय करता येत नाही" ते विचारा. कॅनडातल्या स्ट्रॅटफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये एक साधी पद्धत दिली. पेशंटनं स्वतःच तीन ते पाच कामं सांगायची जी जमत नाहीत, आणि प्रत्येक काम किती जमतं त्याला शून्य ते दहा गुण द्यायचे. कामं त्याची, आपण सुचवायची नाहीत. एक काका म्हणाले, टेकडी गणपतीच्या पायऱ्या. एक बाई म्हणाल्या, बुधवार बाजारातून भाजीची पिशवी घेऊन घरी येणं. मला उपचाराची दिशा यातून मिळते. सातातून नाही मिळत.

भाच्याचं हे म्हणणं महत्त्वाचं आहे आणि त्याला महाराष्ट्रातलाच भक्कम पुरावा आहे. गुडघ्याच्या संधिवातासाठी जगभर वापरली जाणारी वोमॅक नावाची प्रश्नावली कॅनडात तयार झाली. तिच्यात मोजे घालणं, मोटारीत चढणं-उतरणं, आंघोळीच्या टबात जाणं-येणं असे प्रश्न आहेत. महालातल्या जुन्या घरात टब नसतो. तिथे मोरी असते, पाट असतो, देवापुढे मांडी घालून बसणं असतं, उकिडवं बसून कपडे धुणं असतं. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीझेसनं वोमॅकचं भारतीय रूप तयार केलं तेव्हा मांडी घालणं आणि उकिडवं बसणं त्यात आणलं. त्याच केंद्रानं, डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकारानं, 1996 पासून पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघरी जाऊन सांधे आणि स्नायूंच्या दुखण्याची पाहणी केली. सुमारे 18 टक्के प्रौढांना असं दुखणं होतं. पाच-सहा माणसांमागे एक! शरीराचं चित्र समोर ठेवून "कुठे दुखतं ते दाखवा" असं विचारलं, की शाळेत न गेलेला माणूसही बोट ठेवून अचूक सांगतो. दुखणं सांगायला अक्षरज्ञान लागत नाही, विचारणाऱ्याला नीट विचारता यावं लागतं.

भाचा : आणि दुखणं असताना काम थांबतंच असंही नाही. बाबा आमटे बघ. मणक्याच्या दुखण्यानं त्यांना बसता येत नव्हतं, उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं. 1985 मध्ये सत्तरी ओलांडलेली असताना बसमध्ये पडून राहून ते कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रेला निघाले. त्यांना आकडा विचारला असता तर आपल्याला काय कळलं असतं?

आत्या : हे उदाहरण पेशंटला कधी देऊ नको. माझी विनंती आहे तुला. बाबांनी ती यात्रा स्वतः निवडली होती. चार घरची धुणीभांडी करणारी बाई काय निवडते? मी तिला तुझा प्रश्न विचारते, "कोणतं काम जमत नाही?" ती म्हणते, "सगळं करते जी." करतेच ती. न करून सांगते कुणाला? महालक्ष्म्यांच्या दिवसांत आपल्या घरांमध्ये काय चालतं ते तू लहानपणापासून पाहिलं आहे. पुरण, सोळा भाज्या, आंबील, शंभर पानं. गुडघे सुजलेली बाई तीन दिवस उभी राहते. तिला तुझ्या पद्धतीनं गुण दिले तर दहापैकी दहा, सगळी कामं जमतात! आणि महालक्ष्म्या उठल्या की आठवडाभर तिला जिना उतरता येत नाही. ज्याला काम थांबवायची मुभा आहे त्याचंच दुखणं तुझ्या कागदावर उमटतं.

भाचा गप्प झाला, आणि व्हायलाच हवं होतं. संपूर्ण वादातलं सर्वांत वजनदार वाक्य आत्याचं हे शेवटचं आहे. 'काय जमत नाही' हा प्रश्न रजा मिळणाऱ्या, घरात मदत असणाऱ्या माणसाला न्याय देतो. ज्या बाईला थांबताच येत नाही, तिची फाइल निरोगी दिसते. थोडा वेळ गेल्यावर भाच्यानं जी वाट काढली, ती मला दोघांच्याही मूळ भूमिकांपेक्षा बरोबर वाटते.

भाचा : मग काम झाल्यानंतरचं विचारू. ऑस्ट्रेलियाचे फिजिओथेरपिस्ट मेटलंड हेच शिकवून गेले, आपण ते परीक्षेपुरतं पाठ करतो. किती काम केल्यावर दुखणं सुरू होतं, मग ते किती वाढतं, आणि थांबल्यावर किती वेळानं शमतं. अर्धा तास पोळ्या लाटल्या आणि पाच मिनिटं टेकल्यावर शमलं, तर मी त्या गुडघ्याला जोरात व्यायाम देऊ शकतो. दहा मिनिटांच्या पोळ्यांनी रात्रभर ठणकत असेल, तर पहिल्या दिवशी हातही जपून लावायचा. काम दोघींनी केलं, आकडाही दोघींनी सहाच सांगितला, पण उपचार वेगळा.

आत्या : हे पटलं. याला किंमत विचारणं म्हणतात. तू काम केलं, पण त्याची किंमत किती मोजली? ते मी लिहीन. पण आकडा सोडणार नाही, सांगून ठेवते.

भाचा : नको सोडू. पण शून्य आला तर खूश होऊ नको.

या शून्याबद्दल दोघांचं एकमत आहे. मधुमेहाच्या जुन्या पेशंटच्या तळपायातल्या नसा हळूहळू मरतात. आधी रात्री आग होते, मुंग्या येतात, पुढे ते थांबतं. माणूस म्हणतो, "आता काहीच दुखत नाही." त्या पायाला खडा टोचला, गरम पिशवीनं भाजलं, तरी कळत नाही. म्हणून शेक द्यायच्या आधी गरम-गार कळतं का, बारीक स्पर्श कळतो का, हे तपासलंच पाहिजे. तपासायला दोन मिनिटं लागतात, आणि गर्दीच्या वेळी नेमकी तीच वाचवली जातात. विदर्भाला हे कुणी नव्यानं सांगायला नको. दत्तपूर आणि आनंदवन इथे कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं. वेल्लोरला काम केलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी जगाला पटवून दिलं की कुष्ठरोग्याची बोटं रोगानं आपोआप झडत नाहीत. वेदना हरवल्यामुळे जखमा कळत नाहीत, आणि त्या न कळलेल्या जखमांनी बोटं जातात.

आत्या : आणि फिल्मवर विसंबू नको. धंतोलीतून एमआरआयची पिशवी घेऊन येतात आणि म्हणतात, गादी सरकली, आता आयुष्य संपलं. काहीच न दुखणाऱ्या माणसांचे मणके तपासलेल्या अभ्यासांचा 2015 मध्ये एकत्र आढावा घेतला. विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या. दुखत कुणालाच नव्हतं. म्हणजे दुखणं फिल्ममध्ये दिसत नाही. ते सांगणारा एकच साक्षीदार आहे, पेशंट. तू त्यालाच उलटतपासणीत उभं करून राहिला होता.

भाचा : आणि तू त्याच्या वतीनं सुनेची साक्ष घेत होतीस.

आत्या : सून बाहेरच्या बाकावर बसते आमच्याकडे. पहिली दहा मिनिटं खोलीत फक्त आजी.

माझ्या मते आत्याची ही दहा मिनिटं हा या सगळ्या वादाचा निकाल आहे. माप कोणतंही वापरा, ते पेशंटच्या तोंडून, दुसऱ्या कुणी मध्ये न बोलता भरलं गेलं पाहिजे. ज्यांना बोलता येत नाही, स्मृतिभ्रंश आहे किंवा पक्षाघातानं वाचा गेली आहे, त्यांच्या चेहऱ्यावरची आठी, रोखलेला श्वास, हलवताना आखडणारा हात बघून माप घ्यायच्या पद्धती आहेत, त्या शिकून घ्यायला हव्यात. पण बोलू शकणाऱ्या आजीला मुकं करणं आपल्या घरांमध्ये फार सहज होतं, आणि तेही काळजीपोटी.

म्हणून वाचकांना एक सांगणं आहे. फिजिओथेरपीला जाल तेव्हा स्वतः बोला. आकडा सुचला तर सांगा, आणे सुचले तर आणे सांगा. कोणतं काम करताना दुखतं, किती वेळ केल्यावर सुरू होतं, थांबल्यावर किती वेळानं शमतं, रात्री झोप मोडते का, सकाळी सांधे किती वेळ आखडलेले असतात, येण्याआधी वेदनाशामक गोळी घेतली होती का, हे न विचारता सांगा. मधुमेह असेल तर शेकाआधी पायाची संवेदना तपासायला लावा. आईला घेऊन गेला असाल तर तिला उत्तर शोधायला वेळ द्या आणि तोवर तुम्ही बोलू नका. आणि कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पायातली ताकद भराभर जाऊ लागली, तर कोणतंही मशीन न लावता, व्यायाम न करता त्याच दिवशी थेट नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या अपघात विभागात जा.